उजेड कुणाच्या बापाचा?



मी एम.टेक. करतोय. विषय ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्स आणि फोटोनिक्स. वस्तीत हे नाव सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे फोटोग्राफरचं काय रे? मग मी सांगतो, उजेडाचं शिकतोय. उजेड पैदा कसा करायचा, वळवायचा कसा, केसासारख्या काचेच्या तारेतून शेकडो किलोमीटर न्यायचा कसा आणि पलीकडच्या टोकाला त्याची पुन्हा वीज करायची कशी. माझी आजी म्हणाली, "उजेड बी शिकावा लागतो व्हय रं?" लागतो आजे. आणि शिकायला बसलं की कळतं, ह्या देशात उजेडाचासुद्धा सातबारा आहे, आणि त्यावर आपलं नाव नाही.

संस्थेचं नाव लिहीत नाही. एकीचं नाव छापलं की बाकीच्या हात झटकून मोकळ्या होतात. सरांचंही नाव लिहीत नाही. असले सर प्रत्येक इमारतीत मजल्यागणिक आहेत.

झालं ते असं. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचं वाटप होतं. एकाला क्वांटम डॉट लेसर मिळाला. एकीला फोटोडिटेक्टर. मी पहिल्या पसंतीला लिहिलं होतं सिलिकॉन फोटोनिक्स, रिंग रेझोनेटर. म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर इतकी अरुंद वाट कोरायची की एका केसाच्या जाडीत तशा शे-दीडशे बसतील, आणि त्या वाटेवरून उजेड गोल गोल फिरवायचा. वेव्हगाइडच्या पेपरात मी वर्गात दुसरा होतो. म्हणजे मागितलं ते भीक म्हणून मागितलं नव्हतं.

सरांपुढं माझा फॉर्म होता. त्यात वडिलांचा व्यवसाय ह्या रकान्यात मी खरं ते लिहिलेलं: ड्रेनेज कामगार, कंत्राटी. सरांचा चेहरा एकदम मऊ झाला. सर पुरोगामी आहेत. केबिनमध्ये फुले-आंबेडकरांचा फोटो आहे, रोज हार बदलतात. म्हणाले, "तुझ्यासाठी मी खास विषय राखून ठेवलाय. गटारातल्या विषारी वायूंचा सेन्सर. मॅनहोलमध्ये माणूस उतरण्याआधी वायू मोजायचा. तुझ्या लोकांच्या कामाचं आहे. तू हे मनापासून करशील."

तुझ्या लोकांच्या!

मी म्हणालो, "सर, माझी पहिली पसंती दुसरी आहे." सर म्हणाले, "अरे, तुला आपल्या समाजाची काही कळकळ नाही का?"

बघा. क्वांटम डॉटवाल्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तुझ्या समाजाची कळकळ कुठं गेली? त्याच्या बापाचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. त्याला कुणी म्हणालं नाही की तू लक्झरी गाडीच्या हेडलाइटवर प्रोजेक्ट कर, तुझ्या लोकांच्या कामाचं आहे. त्याला जगातला सगळा उजेड मोकळा. मला गटाराच्या झाकणाएवढा गोल उजेड मंजूर झाला. वरून सर हसून बघतायत, पोरगं हात जोडतंय का.

मी हात जोडले नाहीत. नाही म्हणालो. त्यानंतर जे झालं आणि जे मला दोन्हीकडून ऐकावं लागलं, त्याचा हिशेब मांडायला बसलोय.

आधी माझ्या बापाचा हिशेब.

मी ज्या तारेचं शास्त्र शिकतो, तिची चर माझ्या बापानं खोदलेली आहे. सरकारनं २०११ साली गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायची योजना मंजूर केली. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. २०१५-१६ च्या दुष्काळात आमच्या परभणीकडं शेतात काम नव्हतं, तेव्हा बाप ठेकेदाराच्या टोळीत गेला. मीटरवर मजुरी. फायबरची चर १६५ सेंटिमीटर खोल लागते. माझ्या बापाची उंचीही जवळपास तेवढीच. तो चरीत उभा राहिला की बाहेरून फक्त मुंडासं दिसायचं. मी शाळा सुटल्यावर भाकरी घेऊन जायचो, तेव्हा मुंडासं बघून बाप ओळखायचो. एका गावात वाड्यापुढं चर खोदताना टोळीनं पाणी मागितलं, तर वरून ओंजळीत ओतलं. ज्या चरीतून अख्ख्या गावाचा उजेड जाणार, ती खोदणाऱ्याला तांब्या मिळत नाही.

२०१७ च्या डिसेंबरात सरकारनं छाती काढून सांगितलं, पहिल्या टप्प्यात एक लाखावर ग्रामपंचायती जोडल्या. जोडल्या असतील. आमच्या गावात तार ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत आली. गावकुसाबाहेर आली नाही. पुढच्या वर्षी बाप शहरात आला आणि ड्रेनेजच्या ठेक्यावर लागला. चरीतून निघून गटारात. त्याच साली मी बी.एस्सी.ला गेलो.

आता शास्त्राचं थोडं ऐका. कंटाळू नका, हे आपल्याच कामाचं आहे.

काचेच्या तारेतून उजेड जातो कसा? झेडपीच्या शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय: पूर्ण आंतरिक परावर्तन. आतल्या काचेचा अपवर्तनांक जरासा जास्त, बाहेरच्या काचेचा जरासा कमी. फरक पुष्कळदा शंभरात एकापेक्षाही कमी. तेवढ्या फरकावर उजेड आत कोंडून राहतो, हवा तिकडं नेता येतो. पण १९६६ पर्यंत शहाणी माणसं म्हणायची, काचेतून दूरचा निरोप जाणं शक्य नाही. तेव्हाच्या काचेत किलोमीटरला हजार डेसिबल इतका उजेड मरायचा. म्हणजे वीस मीटर गेलं की शंभरातला एक भाग उरायचा. मग शांघायला जन्मलेला चार्ल्स काव, इंग्लंडात हारलोच्या प्रयोगशाळेत काम करणारा, त्यानं जॉर्ज हॉकहॅमबरोबर हिशेब मांडला आणि सांगितलं: दोष काचेचा नाही. काचेत मिसळलेल्या लोखंडासारख्या धातूंच्या कणांचा आहे. ते काढा, वीस डेसिबलच्या खाली याल. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंगच्या तिघांनी तशी तार करून दाखवली. आज किलोमीटरला ०.२ डेसिबल. पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उजेड जिवंत. काव साहेबांना २००९ साली नोबेल मिळालं.

हे शिकवताना वर्गात सगळे माना डोलावतात. काच बदनाम होती, गुन्हा तिच्यात मिसळलेल्या घाणीचा होता, हे त्यांना पटतं. पण त्याच वर्गातून बाहेर पडून कँटीनमध्ये बसले की म्हणतात, ह्या लोकांच्यात मेरिटच नाही. काचेला जो न्याय दिला तो माणसाला द्यायला यांची जीभ उचलत नाही. तीन हजार वर्षांची घाण कुणी मिसळली, ते मोजायचं नाव नाही. पोरगं पहिल्या सहामाहीत इंग्रजीनं गांगरलं की निकाल तयार: काचच खराब.

आमच्या लॅबमध्ये ओटीडीआर नावाचं यंत्र आहे. तारेच्या एका टोकातून उजेडाचा ठोका सोडायचा आणि परत येणाऱ्या क्षीण उजेडावरून सांगायचं की तार कितव्या किलोमीटरला तुटली, कुठं जोड कच्चा आहे. हे यंत्र मला बघताक्षणी ओळखीचं वाटलं. वसतिगृहात पहिल्या दिवशी माझ्यावर तेच लावलं होतं. नाव काय? पूर्ण नाव? गाव कुठलं? गेटचा रँक किती? प्रत्येक सवाल म्हणजे एक ठोका. परत काय येतं ते डोळे बारीक करून वाचायचं. चौथ्या सवालाला त्यांना माझा किलोमीटर सापडला. मग कुणी काही वाईट बोललं नाही. फक्त रात्रीच्या अभ्यासाला बोलवायचं बंद झालं. जुन्या प्रश्नपत्रिका माझ्यापर्यंत पोचेनाशा झाल्या.

तारेत उजेड कुठं मरतो ते शोधायला यांनी यंत्र काढलं. पोरं कुठं गळतात ते शोधायला काढलं नाही. २०२३ च्या डिसेंबरात सरकारनंच लोकसभेत आकडा दिला: पाच वर्षांत आयआयट्यांमधून अनुसूचित जातींची १,०६८ पोरं शिक्षण सोडून गेली. एक हजार अडुसष्ट! एवढा उजेड एखाद्या तारेत मेला असता तर रात्रीत खड्डे खणून जोड तपासले असते.

आता सेन्सरचा हिशेब. कारण सरांनी आणि आपल्या एका कार्यकर्त्यानं, दोघांनीही मला एकच शिवी दिली. सर म्हणाले, कळकळ नाही. कार्यकर्ता वस्तीच्या वाचनालयात सगळ्यांसमोर म्हणाला, "तू दलित ब्राह्मण झालास. समाजाचा प्रश्न हातात आला आणि तू पळालास."

ऐक मित्रा. मी पळालो नाही. मी आठ रात्री तेच वाचत होतो.

तो सेन्सर होऊ शकतो. गटारात मिथेन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो. प्रत्येक वायू आपापल्या ठरलेल्या रंगाचा उजेड पितो. मिथेन १.६५ मायक्रॉनच्या आसपासचा पितो, हायड्रोजन सल्फाइड त्याच्या थोडा अलीकडचा. डोळ्याला न दिसणारा उजेड. डायोड लेसरचा करंट आणि तापमान हलवून नेमका तो रंग साधायचा, वायूतून पाठवायचा आणि पलीकडं किती कमी पोचला ते मोजायचं. तेवढ्यावरून वायू किती ते कळतं. हायड्रोजन सल्फाइड हरामखोर वायू आहे. हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली. आणि तो कोसळतो.

हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा मला बापाचा जोडीदार आठवला. त्याला मी काका म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी तो असाच उतरला. वर येताना दोरीनं आला. त्याला ओढून काढणाऱ्यांत माझा बाप होता. तेव्हा मला कुणी कळकळ शिकवू नये.

मग मी नाही का म्हणालो?

एक. वायू मोजायचं यंत्र आजही बाजारात मिळतं. हातात मावतं. मोटारसायकलीपेक्षा कमी पैशात येतं. काका उतरला त्या दिवशी ठेकेदाराकडं शास्त्र कमी नव्हतं. त्याच्या लेखी काकाची किंमत कमी होती. ती किंमत कुठल्या लेसरनं वाढणार?

दोन. कायदा वाचा. २०१३ चा हातानं मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा. तो म्हणतो, गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईला माणूस लावायचा नाही. वा! पण धोकादायक म्हणजे काय, तेही त्यातच लिहिलंय: संरक्षक साधनं न देता, काळजी न घेता करून घेतलेली सफाई. म्हणजे साधन हातात दिलं की तीच सफाई धोकादायक राहत नाही. माणूस खुशाल उतरवा! आता सांगा, माझा सेन्सर काय होणार? ठेकेदाराच्या खिशातला परवाना. दिवा हिरवा लागला, उतर खाली. मेला तर, दिवा हिरवा होता साहेब. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारातल्या मरणाचे दहा लाख ठरवले, २०२३ साली तीस लाख केले आणि ही प्रथाच मुळापासून संपवा असंही सांगितलं. भाव वाढला. झाकण अजून उघडंच आहे.

माणूस खाली जाऊच नये म्हणून मशीन हवं. ते मशीन आहे. पाण्याच्या जोरानं गटार मोकळं करणारं आहे, गाळ ओढून घेणारं आहे. नाही ते विकत घेऊन गल्लीबोळापर्यंत आणायची लाज. लाज पैदा करणारा डायोड अजून कुणी बनवलेला नाही.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. समजा सेन्सर चांगलाच आहे. मग तो क्वांटम डॉटवाल्यानं का करू नये? गटार माझ्या बापानं तुंबवलं का? सगळं शहर हगतं आणि साफसफाईचं शास्त्रसुद्धा आम्हीच शिकायचं? बापानं हातानं करायचं, पोरानं लेसरनं करायचं. ही वर्णव्यवस्थेची नवी आवृत्ती झाली, एम.टेक.ची आवृत्ती.

मी बापाला फोन करून सगळं सांगितलं. सेन्सर काय, रिंग काय. त्याला रिंग कळली नाही, पण मुद्दा कळला. म्हणाला, "म्या जिथं उतरलो तिथंच तुला उतरवतेत का रं? शिकून बी?" बस. माझ्या प्रबंधाचा गाइड तोच.

दोन महिने मला गाइड नव्हता. मग एका मॅडमनी घेतलं. मॅडम आपल्यातल्या नाहीत. त्यांनी फॉर्म बघितला नाही, फळ्याकडं बोट केलं आणि म्हणाल्या, मॅक्सवेलची समीकरणं लिही. मी लिहिली. एक ठिकाणी चुकलो, त्यांनी झापलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कुणी विद्यार्थ्यासारखं झापलं. तेव्हा माणूस बदलतच नाही असं मी म्हणत नाही. पण एका मॅडमवर व्यवस्था माफ होत नाही.

सरांचा सेन्सर दुसऱ्या पोरानं केला. चांगला केला. मीच त्याला एकदा लेसर जुळवून दिला. प्रदर्शनात पोस्टर लागलं, बक्षीस मिळालं. पोस्टरवर मॅनहोलमधून छातीपर्यंत बाहेर आलेल्या एका माणसाचा मोठा फोटो होता, अंगावर फक्त चड्डी. खाली पोराचं नाव, सरांचं नाव, संस्थेचं नाव, पैसे देणाऱ्याचं नाव. फोटोतल्या माणसाचं नाव नव्हतं. मी विचारलं, हा कोण? पोरगा म्हणाला, नेटवरून घेतला.

आता दुसरी गंमत ऐका.

माझ्या खोलीत राहणारा मित्र समाजशास्त्राचा. तोही आपलाच. त्याला परदेशात जाऊन जातीवर पीएच.डी. करायचीय. आम्ही दोघं एका रात्री केंद्र सरकारच्या, अनुसूचित जातींसाठीच्या परदेश शिष्यवृत्तीचे नियम वाचत बसलो. वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना. फोटोनिक्स चालतं. पण २०२२ च्या फेब्रुवारीत त्या नियमांत एक कलम घातलं गेलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन, ह्या विषयांना पैसे नाहीत. म्हणजे मी जाऊ शकतो आणि तो अडला.

आता बाबासाहेब आठवा. १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबियात गेले. १९१५ साली एम.ए. झाले. आणि ९ मे १९१६ ला तिथंच, गोल्डनवायझरच्या परिसंवादात, त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात कशी पैदा झाली, कशी पसरली. सरकारी शिष्यवृत्तीवर, परदेशात, जातीवर! २०२२ चं कलम १९१३ साली असतं तर त्या विषयाला एक पौंड मिळाला नसता.

मग मला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. लॅबमध्ये सर म्हणतात, तू तुझ्या जातीच्या बाहेरचं शिकू नको. शिष्यवृत्तीच्या नियमात सरकार म्हणतं, तू तुझ्या जातीचं शिकू नको. वरवर उलटं दिसतं. आत एकच आहे. बटण त्यांच्या हातात पाहिजे. उजेड कुणावर टाकायचा, कुणावर नाही, ते त्यांनी ठरवायचं. गटारावर टाका, म्हणजे आमचं शहर साफ राहील. जातीवर टाकू नका, आमचं घर उघडं पडेल.

आणि आपल्या कार्यकर्त्यांनो, तुम्हीसुद्धा बटणाला हात लावताय हे लक्षात घ्या. तुम्ही मला विचारता, रिंग रेझोनेटरचा वस्तीला उपयोग काय? ज्या बल्बखाली बसून तुम्ही पत्रक लिहिता तो बल्ब काय आहे? निळा उजेड देणारा डायोड, त्यावर पिवळा लेप, दोन्ही मिळून पांढरा उजेड. तो निळा डायोड बाजारात आणण्याजोगा केला शुजी नाकामुरानं, जपानच्या एका आडबाजूच्या बेटावरच्या, निचिया नावाच्या छोट्या कंपनीत. तो अमेरिकेत वर्षभर कामाला गेला तेव्हा त्याच्याकडं आपल्या एम.टेक.सारखी मास्टर्सची पदवी होती, डॉक्टरेट नव्हती. तिथल्या लोकांनी त्याला यंत्राचा मिस्त्री समजून वागवलं. परत येऊन त्यानं १९९३ साली लख्ख निळा उजेड काढून दाखवला. कंपनीनं पेटंटबद्दल हातावर वीस हजार येन टेकवले. तो कोर्टात भांडला आणि २००५ साली चौऱ्याऐंशी कोटी येनच्या आसपास तडजोड झाली. २०१४ ला नोबेल. तुमच्या मोर्च्याचा निरोप एका मोबाइलवरून शंभर मोबाइलवर जातो तो कुठून जातो? लेसरमधून, माझ्या बापाच्या चरीतून. मग उपयोग काय हा सवाल मलाच का? कवितेला कधी विचारला होता का?

मेघनाद साहा ऐका. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा पोरगा, बंगालात खालची मानलेली जात. १९११ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आला, तर वसतिगृहातल्या उच्चवर्णीय पोरांनी त्याला पंगतीला घेतलं नाही. त्यानं १९२० साली ताऱ्याच्या उजेडावरून ताऱ्याच्या पोटातलं तापमान ओळखायची वाट जगाला दाखवली... पोटातलं म्हणतोय मी घाईत, ताऱ्याच्या अंगावरच्या वायूंचं. साहा समीकरण आम्हाला शिकवलं. साहाचं वेगळं ताट शिकवलं नाही. त्याला ताऱ्यांऐवजी ताटाचाच अभ्यास कर असं त्याच्या भल्याचं बघणाऱ्या कुणी पटवलं असतं तर? आणि त्यानं ताटही सोडलं नाही. १९५२ ला निवडून येऊन लोकसभेत बसला. दोन्ही करता येतं. दोन्ही करायलाच पाहिजे. हैदराबादच्या रोहित वेमुलाला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं, कार्ल सेगनसारखा. २०१६ साली आपण त्याच्या नावानं घोषणा दिल्या. तारे त्याच्या वाट्याला का आले नाहीत, हा सवाल मात्र आपण घोषणेत घेतला नाही.

शेवटचं एक सांगतो आणि थांबतो. क्लीन रूमचं.

चिप जिथं बनते त्या खोलीला क्लीन रूम म्हणतात. आमच्या क्लास १०० च्या खोलीत एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त चालत नाहीत. स्वच्छ, शुद्ध, हे शब्द ऐकले की आपल्या अंगावर काटा येतो. ह्या शब्दांनी आपल्याला पाणवठ्यावरून हाकललंय. पहिल्या दिवशी मी दारात थबकलो होतो. मग नियम वाचले. तिथं सगळ्यात मोठी घाण कोण? माणूस. त्याची कातडी, त्याचे केस, त्याचा श्वास. कुठलाही माणूस. सरांनी टोपी घातली, मोजे घातले, डोळ्यांएवढी फट ठेवून सगळं अंग झाकलं. मीही झाकलं. सर जानवं घालतात की नाही मला माहीत नाही, पण त्या दारात जानवंसुद्धा विटाळ आहे. आत गेलो तर कोण कुठला ओळखू येईना. अख्ख्या संस्थेत तेवढीच एक खोली, जिथं विटाळ यंत्रानं मोजतात आणि तो सगळ्यांचा सारखा निघतो. मी तिथं चिप बनवली. उजेड रिंगमध्ये फिरला. स्क्रीनवर जिथं खड्डा पडायला पाहिजे होता तिथंच पडला.

बाहेर आलो, टोपी काढली, आणि पुन्हा माझं आडनाव सुरू झालं.

म्हणून मागतोय ते लिहून घ्या. प्रोजेक्टच्या फॉर्ममधून बापाच्या धंद्याचा रकाना काढा. विषय मार्कांवर आणि पसंतीवर द्या, दयेवर नको. ज्याला गटाराचा सेन्सर करायचाय त्यानं जरूर करावा, कुठल्याही जातीचा असो, पण आधी एक दिवस उघड्या झाकणाच्या काठावर उभं राहावं आणि पोस्टरवर खालच्या माणसाचं नाव घालावं. जातीवर संशोधन करणाऱ्याचे पैसे अडवणारं कलम फाडा. आणि आपल्या वाचनालयात एमपीएससीच्या गाइडांशेजारी गेटची पुस्तकं ठेवा, ती वाचणाऱ्या पोराला आणि पोरीला दलित ब्राह्मण म्हणू नका. गणितात अडलं तर मला बोलवा. दर रविवारी येतो.

पोरांनो, पोरींनो, ह्या खोल्यांत घुसा. लेसर शिका, चिप शिका, तारे शिका. कुणी म्हणालं हे तुझ्या लोकांच्या कामाचं नाही, तर सांगा, चर आम्ही खोदलीय.

उजेड कुणाच्या बापाचा?

माझ्या बापाचा. साडेपाच फूट खोल उभं राहून कमावलेला.

जय भीम.